पाठीमागची मालकीण

खमीसनं विहिरीवरून बादली भरून आणली आणि गाडीच्या हौद्यात भस्सकन ओतून दिली. पाणी पत्र्यावर पसरलं, कोपऱ्यातली पानं-काटक्या घेऊन मागच्या फळीखालून बाहेर आलं. बघणाऱ्याला वाटावं, गाडी धुतोय. पण ऐन जद्रा गावाच्या आसपास बारकं पोरसुद्धा सांगेल, की जैतुनाच्या हंगामात पहाटेच्या थंडीत गाडी कुणी धूत नसतं. ओल्या पत्र्यावर मळ्यात निघालेली मजूर बाई बसत नाही. बसली नाही की उभी राहते, आणि उभ्या राहिल्या की दुपटीनं मावतात. सगळेच गाडीवाले हे करायचे. खमीसनं काही नवीन पाप शोधून काढलं नव्हतं. तरी बादली ओतताना तो घराकडं पाठ करायचा, एवढं मात्र खरं.

"आज विचारणार ना?" दारातून त्याची बायको रबह म्हणाली. तिच्या हातात त्याची भाकरीची पिशवी होती आणि ती पिशवी ती काही सोडत नव्हती.

"बघू."

"बघू काय बघू? उन्हाळ्यापासून बघतोयस. घाण्याचा मालक काय तुझ्यासाठी घाणा बंद करून बसणार आहे? बहीणच आहे तुझी, वाघीण नाही. अंगठा दे म्हणायचं, देईल. या गावात कुठल्या बहिणीनं दिला नाही सांग मला?"

"दे ती पिशवी."

"मी विचारू का?"

"तू गप बस," खमीस म्हणाला आणि पिशवी ओढून घेऊन गाडीत बसला.

गोष्ट होती गाडीच्या करड्या कार्डाची, म्हणजे मालकाचं नाव असलेल्या कागदाची. गाडी बापाची, जुनी इसुझु, पण अंगानं दणकट. बाप सालह गेला, आणि रीतीप्रमाणे कार्ड वारसांच्या नावावर चढलं. खमीसचे दोन वाटे, थोरल्या बहिणीचा, मोंजियाचा, एक. दोन्ही नावं एकाखाली एक छापून आली. शेताचं म्हणाल तर बहिणीनं मागायचं नाही आणि भावानं विचारायचं नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पण गाडीचं कार्ड सरकारी. त्यात न बोलता काही होत नाही. आणि तेलाच्या घाण्याचा मालक पडला हिशेबी माणूस. त्याला वर्षभर शहराकडं तेल न्यायला गाडी हवी होती. "दोन मालकांची गाडी मी लावत नाही," त्यानं खमीसला तोंडावर सांगितलं. "उद्या एक हो म्हणेल, दुसरा नाही. तुझ्या एकट्याच्या नावाचं कार्ड आण आणि लाव गाडी." ते काम मिळालं असतं तर बायका वाहायचं हे मेलं काम सुटणार होतं. पाण्याची बादलीही सुटणार होती.

मग विचारायचं अडलं कुठं? अडलं ते जिभेवर. आई लवकर गेली, खमीसला मोंजियानंच वाढवलेला. बापानं गाडी घेतली तेव्हा काही कमी पडलं म्हणून तिच्या पायातले चांदीचे तोडे त्यात गेले होते, आणि ते परत करायची भाषा ना बापानं केली ना खमीसनं. अशा माणसासमोर 'ताई, तुझं नाव काढून टाकू' असं म्हणायला तोंड कुठलं आणायचं?

वळणावर मोंजिया उभी होती. रुमालावर गवताची टोपी, अंगात नवऱ्याचा जुना कोट. नवऱ्याची छाती दगडाच्या खाणीत गेलेली, तो घरात खोकत पडलेला असायचा. गाडी थांबली तशी तिनं मागच्या फळीवर पाय दिला आणि वरच्या बायकांनी तिला हात देऊन ओढून घेतलं. आता गर्दी अशी झाली की कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत ते कळेना.

खमीसच्या शेजारची जागा रिकामी होती. म्हणजे अगदी रिकामी नाही, तिथं जाळ्यांची गाठोडी होती. गाठोडी मागं टाकून बहिणीला पुढं घेता आलं असतं. पण एकीला पुढं बसवली तर बाकीच्या कुरकुरणार, असं तो स्वतःला रोज सांगायचा, आणि रोज ते त्याला पटायचंही. बायकांनी मात्र कधी कुरकुर केलेली नव्हती, कारण तशी वेळच त्यानं येऊ दिली नव्हती.

त्या दिवशी हाजीच्या मळ्यात झाडं नुसती लगडली होती. बायकांनी खाली जाळ्या अंथरल्या, शिड्या लावल्या. जन्नतमावशी ही टोळीतली सगळ्यांत म्हातारी. ती अजून बोटांत मेंढ्याची शिंगं घालून फांदी ओरबाडायची. प्लॅस्टिकचा दाताळा दिला की म्हणायची, "ह्यानं केस विंचरा तुमचे." फळं टपटप जाळीवर पडत होती. मोंजिया शिडीच्या टोकावर होती आणि वारा तिच्या कोटात शिरून कोट फुगवत होता. तिच्या बोटांना भेगा पडलेल्या, भेगांत काळा रस भरलेला. खमीस पोती उचलून गाडीपाशी नेत होता आणि प्रत्येक फेरीला ठरवत होता, आता चहाच्या वेळी बोलायचं.

चहाची वेळ झाली. निखाऱ्यावर काळा गोड चहा उकळत होता. मोंजियानं भाकरी मोडली, तेलात आणि हरिसाच्या तिखट चटणीत बुडवली आणि न विचारताच अर्धी त्याच्या हातात दिली.

"तुला काही बोलायचंय का रे?" ती म्हणाली.

खमीसनं चहाचा पेला उचलला. "नाही बा. का?"

"सकाळपासून माझ्याकडं बघतोयस, आणि मी बघितलं की झाडाकडं बघतोयस."

"जाळ्या फाटल्यात. हाजीला सांगायला पाहिजे, असं मनात होतं."

"जाळ्या," मोंजिया म्हणाली. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कोटावरचे तुकडे झाडाखाली झटकून ती पुन्हा शिडी चढली.

संध्याकाळी हाजीनं मजुरी खमीसच्या हातात दिली आणि खमीसनं गाडीभाडं कापून एकेकीच्या हातावर ठेवली. मोंजियाचंही भाडं कापलं. हे कसं सुरू झालं ते सांगायला पाहिजे. हंगामाच्या पहिल्या दिवशी मजुरी पूर्ण हातात पडल्यावर तिनंच भाड्याची नाणी पुढं केली होती. "घे. उगाच बायकांनी काही म्हणायला नको." त्या वेळी 'ताई, काय बोलतेस हे!' असं म्हणून तिचा हात मागं सारायचा असतो. एवढं काही शिकावं लागत नाही कुणाला. पण बायका बघत होत्या, खमीस गोंधळला आणि हात पुढं गेला. एकदा घेतल्यावर दुसऱ्या दिवशी न घेणं म्हणजे पहिल्या दिवशी चूक झाली असं कबूल करणं. म्हणून मग तो रोजच घेत गेला.

चार दिवसांनी ओढ्याजवळच्या वळणावर रस्ता तपासणाऱ्या गार्डच्या शिपायांनी गाडी अडवली.

सकाळची वेळ होती, धुकं नुकतंच वर चढत होतं. अधिकारी तरुण होता. त्यानं हौद्याभोवती एक चक्कर मारली. वरून बायका खाली बघत होत्या. 

"ही गाडी आहे का मेंढरांचा वाडा?" तो म्हणाला. "आणि खाली पाणी कसलं?"

"दंव पडतं साहेब," खमीस म्हणाला.

"दंव! आतल्या बाजूला दंव. वा." अधिकाऱ्यानं हात पुढं केला. "लायसन. कार्ड."

खमीसनं दोन्ही काढून दिली. हंगामाच्या सुरुवातीला याच रस्त्यावर तो एकदा सापडला होता. पुन्हा सापडलास तर लायसन जप्त, असं तेव्हाच बजावलं होतं. लायसन गेलं की घाण्याचं काम गेलं, सगळंच गेलं. अधिकाऱ्यानं कार्ड उलटून पाहिलं.

"वारस. खमीस आणि मोंजिया. ही मोंजिया कोण?"

आणि इथं खमीसच्या तोंडून ते निघालं. विचार करून निघालं असं म्हणवत नाही, पण विचार न करता निघालं असंही म्हणता येणार नाही.

"तीच मालकीण आहे साहेब. गाडी तीच बघते. मी नुसता चालवतो."

"आणि आहे कुठं मालकीण?"

खमीसची मान खाली. बुटाच्या टोकानं तो एक खडा उकरत राहिला.

"हे काय, ही उभी आहे की!" हौद्यातून जन्नतमावशी ओरडली. "आमच्या मालकीणबाई! आम्हाला ठाऊकच नव्हतं बाई आम्ही कुणाच्या गाडीत उभ्या आहोत ते!"

दोघी-तिघी खळखळून हसल्या. हसू थंडीनं आकडलेल्या तोंडांतून फुटलं आणि लगेच विझलं, कारण मोंजिया हसत नव्हती. ती फळीवरून उतरली. ओल्या पत्र्यानं तिच्या चपला निथळत होत्या.

"ड्रायव्हर पुढं गादीवर आणि मालकीण मागं उभी," अधिकारी म्हणाला. "असली मालकी मी पहिल्यांदा बघतोय. काय बाई, गाडी तुझी?"

मोंजियानं खमीसकडं पाहिलं. त्याला वाटलं, आता ही 'नाही' म्हणेल आणि आपण खोटे पडू. मग वाटलं, म्हणूच दे 'नाही', इतक्या साक्षीदारांसमोर म्हणाली की नावाचा प्रश्नच मिटला. हे मनात आलं आणि त्याची त्यालाच किळस आली. पण आलं होतं.

"हो," मोंजिया म्हणाली. "माझी आहे."

"या बायकांना असं कोंबलंस तू?"

"हो साहेब."

"पाणी तूच ओततेस?"

तिनं ओल्या चपलांकडं पाहिलं. "हो."

"भाडंही घेतेस?"

"घेतात की," जन्नतमावशी म्हणाली. तिचा आवाज आता चेष्टेचा राहिला नव्हता. "आमचं घेतात, आणि हिचंही कापून घेतात. रोज. ह्या माझ्या डोळ्यांनी बघते मी."

अधिकाऱ्यानं खमीसकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काही बोलला असता, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवली आणि मोंजियाच्या नावानं दंडाचा कागद लिहिला. गाडी ठाण्याच्या आवारात गेली. लायसन खमीसच्या खिशात राहिलं. बायका ओढ्यापासून चालत घरी गेल्या, मोंजिया त्यांच्यातच. खमीस मागं राहिला. पुढं जायची त्याची छाती झाली नाही.

घरी रबहनं सगळं ऐकून घेतलं. "चला, लायसन तर वाचलं," ती म्हणाली. मग त्याचं तोंड बघून म्हणाली, "असं काय बसलास? दंड काय तिला भरायला लावणार आहोत का आपण? आपणच भरू. आणि आता सोपं झालं बघ. म्हणायचं, ताई, तुझ्या नावाचा तुलाच त्रास, काढून टाकू."

"रबह," खमीस म्हणाला, "पुन्हा हे बोललीस तर मी या घरात जेवणार नाही."

 त्या रात्री तो तसाही जेवला नाही.

गाडी सोडवायला दोन्ही मालकांनी यावं, असा निरोप ठाण्यातून आला. म्हणजे बहिणीच्या दारात जाणं आलंच. खमीस गेला तेव्हा मोंजिया अंगणात पोत्यावर बसून घरच्यापुरती जैतुनं ठेचत होती. दगडानं एकेक फळ हळूच दाबायचं आणि घागरीत टाकायचं. आतून नवऱ्याचा खोकला येत होता.

"ताई," तो म्हणाला. 

"उद्या जायचंय ना? कळलंय मला."

"त्या दिवशी माझ्या तोंडून..."

"कार्ड घेऊन ये," मोंजिया म्हणाली. "ठाण्यातून नगरपालिकेत जाऊ. दोन्ही कामं एका फेरीत होतील."

खमीस तिथंच खाली बसला. "तुला कुणी सांगितलं?"

"घाण्याचा मालक काय फक्त तुझ्याशीच बोलतो? उन्हाळ्यापासून सगळ्या गावाला ठाऊक आहे. मलाच तेवढं तू सांगायचा राहिलास."

"नको ताई. असं नको. आत्ता तर नकोच."

"मग कधी?" ती म्हणाली आणि तिनं दगड खाली ठेवला. "चहाला बसायचास तेव्हा मी वाट बघायची. आज म्हणेल, उद्या म्हणेल. ताई, गाडी माझ्या नावावर करून दे, पोटाचा प्रश्न आहे. मी तिथंच अंगठा दिला असता रे, झाडाखाली. नाही तर म्हणेल, ताई, पुढं येऊन बस. दोन्हीतलं एक तरी. बाप गेल्यापासून 'ही गाडी तुझी का' असं मला एकदाच कुणीतरी विचारलं, ते त्या गार्डवाल्यानं. आणि तेही दंड लावायला."

खमीस रडला. मोठा बाप्या माणूस, पण हुंदके देऊन रडला. मोंजियानं त्याला रडू दिलं. लहानपणी ती त्याचं तोंड पुसायची, आता पुसलं नाही. थोड्या वेळानं तिनं दगड उचलला आणि राहिलेली फळं ठेचायला घेतली.

ठाण्यातलं काम लवकर आटोपलं. दंड खमीसनं भरला, पावती मोंजियाच्या नावाची झाली. नगरपालिकेत मात्र रांग होती. दोघं बाकावर बसली, मधे एका माणसाची जागा सोडून. खमीस दोनदा उठला. "ताई, चल घरी. नको मला ते काम. गेला तो घाणा खड्ड्यात."

"बस," ती म्हणाली. "लोक बघतायत."

खिडकीतला कारकून वयस्कर होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. असल्या बहिणी त्यानं पुष्कळ पाहिल्या असणार, कारण कागद त्याच्याकडं तयारच होता, नुसती नावं भरायची.

"बाई, आपला वाटा भावाला देतेस?"

"देते."

"आपखुशीनं? कुणाचा दाब?"

"कुणाचा नाही."

"मोबदला?"

"काही नाही."

"म्हणजे बक्षीस," कारकून पुटपुटला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला, "भावावरील प्रेमापोटी..."

"ते लिहू नका," मोंजिया म्हणाली.

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "अहो, तसं लिहायची पद्धत आहे. सगळ्याच लिहितात."

"नुसतं 'दिला' लिहा."

कारकुनानं खमीसकडं पाहिलं, मागच्या रांगेकडं पाहिलं. रांगेतले लोक आता खमीसकडं बघत होते. एका म्हाताऱ्यानं तर नीट दिसावं म्हणून मान बाहेर काढली. कारकुनानं लिहिलेले शब्द रेघ मारून खोडले, बाजूला सही केली, आणि 'दिला' एवढंच लिहिलं. मोंजियानं अंगठा टेकवला. भेगांतला काळा रस अजून गेला नव्हता, त्यामुळं शाई कुठली आणि जैतुनाचं काळं कुठलं ते कळत नव्हतं. मग कारकुनानं कागद खमीसपुढं सरकवला आणि म्हणाला, "सही कर, मालक."

बाहेर आल्यावर खमीसनं जाळ्यांची गाठोडी उचलून मागं फेकली. पुढचं दार उघडलं. हातानं गादी झटकली. "ताई, बस. पुढं बस."

मोंजियानं गाडीकडं पाहिलं. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या घरावरून जाताना पाहावं, तसं पाहिलं.

"नको. आता ती सगळी तुझी आहे."

"अगं मग जाणार कशी?"

रस्त्यापलीकडं शेजारच्या गावचा हामिद आपली गाडी भरत होता. दुपारपाळीच्या बायका फळीवरून वर चढत होत्या. मोंजिया रस्ता ओलांडून गेली. कोटाच्या खिशातून नाणी काढून तिनं हामिदच्या हातावर ठेवली. हामिदनं ती घेतली, खिशात टाकली. त्यात त्याचं काही चुकलं नाही, तो परका माणूस.

"ताई!" खमीसनं हाक मारली. सगळ्या बायकांनी वळून पाहिलं, तिनंच तेवढं पाहिलं नाही. वरच्या कुणीतरी हात दिला. ती चढली आणि अगदी मागच्या कडेला, फळीला धरून उभी राहिली, कारण आत जागाच नव्हती.

ऐन जद्राचा रस्ता एकच, आणि तोही एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंनी निवडुंगाची कुंपणं. हामिदची गाडी पुढं, खमीसची मागं. ओलांडून जायला जागा नाही, थांबून राहावं तर मागून ट्रॅक्टर भोंगा वाजवतोय. मोंजियाचं तोंड मागच्या बाजूला होतं. वाऱ्यानं तिचा रुमाल डोळ्यांवर येत होता आणि ती एका हातानं तो सारत होती, दुसरा हात फळीवर. खड्डा आला की सगळ्या बायका एकमेकींवर कलायच्या आणि तिचा तोल जायचा. तिचा तोल गेला की खमीसचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. शेजारची गादी झटकलेली, स्वच्छ, रिकामी. घरापर्यंतचा सगळा रस्ता तो तिच्यासमोर गाडी चालवत राहिला, आणि ती त्याच्याकडं बघत होती की नाही हे बघायला त्याला एकदाही मान वर करता आली नाही.